निजलेला पाना

माणसाचं आयुष्य शेवटी पाच नटांवर उभं असतं.

हे वाक्य माझंच आहे. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो, तिथे दर वर्षी सुरक्षा सप्ताह पाळला जाई. गेटावर कापडी फलक लागे, मॅनेजर पिवळी टोपी घालून फोटो काढून घेत आणि कामगारांसाठी निबंधस्पर्धा असे. त्यातल्या माझ्या निबंधाची ही सुरुवात. त्याला तिसरं बक्षीस मिळालं, झाकणाचा स्टीलचा डबा. स्पर्धेत आम्ही तिघेच होतो. शिवाय वाक्य तपासणीत टिकणारं नाही. पाच नट जीपच्या चाकाला असतात. ट्रकला जास्त, स्कूटरला कमी, आणि माझ्या स्वतःच्या आयुष्याचा नटांशी संबंध पगारापुरताच होता. पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक जीप होती आणि तिचं मागचं डावं चाक. त्याची हकीकत निबंधात बसणारी नव्हती. सुरक्षेच्या निबंधात शेवटी कुणाला तरी शहाणं व्हावं लागतं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. माझा शाळेपासूनचा एक मित्र कळव्याच्या पुढे, जुन्या पुणे रस्त्याला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवत असे. तो खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. वडिलांची होडी होती, होडीला डिझेल इंजिन होतं आणि तोवर खाडीत मासे होते. मग कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं. त्यात आमच्याही कारखान्याचं असणार. पण बाहेर जाणाऱ्या पाण्याची तपासणी आमच्या खात्याकडे नव्हती. मासे गेले, पाठोपाठ होडी गेली, इंजिन घरात राहिलं. त्या इंजिनावर हा शिकला. मी डिप्लोमा करून ड्रॉइंग वाचायला शिकलो. त्याला ड्रॉइंग लागत नसे. बॉनेटवर तळहात ठेवून तो गाडीचं दुखणं सांगायचा आणि ते बहुतेक वेळा बरोबर असायचं. मला तो 'इन्स्पेक्टर' म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी मोजून पाहिलं नाही.

त्या शेडच्या पुढच्या खांबावर एक लाल खूण होती. रस्ता रुंद होणार म्हणून पालिकेची माणसं येऊन ब्रशने दोन रेघा ओढून गेली होती. जागा अर्थातच त्याच्या नावावर नव्हती; त्या रस्त्यावरची कुणाचीच जागा कुणाच्या नावावर नव्हती. पण खड्डा त्याने स्वतः खणलेला, चेनपुली स्वतः टांगलेली, आणि मुंब्र्यापासून ठाण्यापर्यंतचे टेम्पोवाले त्याला त्या जागेवरून ओळखायचे. घरात आई, बायको, दोन मुली. "शेड गेली तर दुसऱ्याचा पाना धरायला लागणार," एवढंच तो एकदा म्हणाला आणि पुन्हा त्याविषयी बोलला नाही. म्हणजे सतत तेच डोक्यात होतं.

अशात त्याच्याकडे अध्यक्ष आले.

अध्यक्ष म्हणजे आमच्या भागातल्या उत्सव समितीचे अध्यक्ष. समितीचे इतर सभासद कोण, हे मला अखेरपर्यंत कळलं नाही. पुढे पालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचा त्यांचा विचार होता आणि तो त्यांच्या चालण्यात आधीच दिसायला लागला होता. त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप उचलली होती. मूळची जीप बारीक चाकांची, साधी, कष्टाळू. पण दसऱ्याच्या मिरवणुकीत तिच्यात उभं राहून लोकांना नमस्कार करायचा, तर ती छाती काढून उभी दिसली पाहिजे, असं अध्यक्षांचं मत होतं. म्हणून त्यांनी कुर्ल्याहून रिम मधोमध फाडून, पट्टी जोडून, वेल्डिंग करून रुंद करून आणल्या. त्यांवर जाडजूड टायर चढवले. झालं असं, की रुंदी सगळी आतल्या बाजूला गेली. टायर कमानपाट्यांना घासायला लागले. स्टिअरिंग पुरतं वळवलं की पुढून असा आवाज यायचा, की कुणीतरी दळण दळतंय.

आता चाकं बाहेर सरकवायची तर चाक आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो आसाच्या टोकाचा गोल भाग, यांच्यामध्ये जाड चकती बसवावी लागते. तिला स्पेसर म्हणतात. दिसायला साधी वस्तू. पण गाडीचं सगळं वजन आणि सगळे धक्के त्या चकतीतून जातात, आणि चकती जेवढी जाड तेवढा बेअरिंगवर भार जास्त. मला कुणी विचारलं तर मी आजही सांगतो, की सगळ्यात सुरक्षित स्पेसर म्हणजे न बसवलेला स्पेसर. मित्रालाही तेव्हा हेच सांगितलं. जुन्या बारीक रिम परत लावा, म्हटलं.

तो म्हणाला, "इन्स्पेक्टर, ते मला पण कळतं. पण त्यांनी काय सांगितलंय माहितीये का? दसऱ्याला जीप पायाखाली असली, की खांबावरची खूण मी पुसतो."

"लिहून दिलंय?"

"लिहून द्यायला ते काय तुझ्या कारखान्यात आहेत?"

खांबावरची खूण आणि चाकामागची चकती या दोन गोष्टी अशा जोडल्या गेल्या. यापुढे मी जे काही केलं ते, स्पेसर बसवायचाच असेल तर कुठला बसवावा, एवढ्यापुरतं होतं. तत्त्वाचा प्रश्न तिथेच संपला. तत्त्वाचे प्रश्न माझ्या आयुष्यात साधारण एवढाच वेळ टिकत आले आहेत.

अध्यक्षांनी स्वतः एक नमुना आणला होता. कल्याणच्या एका भट्टीत जुने पिस्टन आणि फुटकी भांडी वितळवून ओतलेला ॲल्युमिनियमचा स्पेसर, वरून घासून आरशासारखा चमकवलेला. मी करवत मागितली आणि त्यांच्यासमोर तो मधोमध कापला. आत सगळी भोकं. पावासारखी जाळी पडली होती. मी म्हटलं, हा जीपखाली नाही टिकणार. एका खड्ड्यात दोन तुकडे होतील.

अध्यक्षांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन उन्हात धरले. "पण चमक बघा," ते म्हणाले.

दुसरा पर्याय त्यांच्या ड्रायव्हरचा होता. जाड वॉशरांची चळत लावायची आणि त्यावर चाक आवळायचं. हा प्रकार मी रस्त्यावर पाहिलेला होता. स्टडवर, म्हणजे नट चढतो त्या खिळ्यावर, नटाचे तीनच आटे धरतात, चाक स्टडच्या टोकावर लोंबकळतं आणि स्टड एक एक करून तुटतात. नटाची जेवढी जाडी तेवढे तरी आटे धरलेच पाहिजेत, हे मी त्या ड्रायव्हरला समजावून सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या मेहुण्याच्या टेम्पोला दोन वर्षं असंच आहे. मेहुणा सध्या कुठे आहे विचारलं, तर त्याने विषय बदलला.

तिसरा पर्याय माझा. पोलादाची अख्खी चकती, लेथवर कातलेली. हबच्या उंचवट्यावर आतून नेमकी बसणारी, म्हणजे वजन स्टडवर न येता हबवर येतं. ती हबच्या स्टडवर आवळायची आणि तिच्यात दाबून बसवलेले स्वतःचे पाच स्टड, त्यांवर चाक. खर्चिक, वजनदार आणि चमक शून्य. हे समजावून द्यायला मी ड्रॉइंग घेऊन अध्यक्षांच्या कार्यालयात गेलो.

कार्यालयाबद्दल थोडं सांगायला हवं. टेबलावर काच, काचेखाली देव, टेबलामागे गादीची खुर्ची, आणि खुर्चीमागच्या भिंतीवर भलामोठा नकाशा, निळ्या रेघांचा, चौकटीत बसवलेला. मी अर्धा तास त्या नकाशासमोर बसलो होतो. अध्यक्ष बोलत असताना मी त्यावरची अक्षरं पाहत होतो. फार सुबक अक्षरं होती. उंची एकसारखी, कलणं एकसारखं. असा हात हल्ली राहिला नाही, असं माझ्या मनात आल्याचं मला स्पष्ट आठवतं. शेवटी अध्यक्षांनी पोलादाला मान्यता दिली. कारण मी म्हटलं होतं, की ही चकती रणगाड्यालासुद्धा चालेल. तपासणी खात्यातल्या माणसाने असं बोलू नये. पण रणगाडा हा शब्द त्यांना आवडला.

चकत्या वागळे इस्टेटमधल्याच एका लहान वर्कशॉपमध्ये कातून घेतल्या. तिथला लेथवाला उत्तनकडचा ख्रिस्ती, वयाने आमच्याहून मोठा, कामात अतिशय चोख. माझ्या ड्रॉइंगवर बोट ठेवून तो म्हणाला, "बाबा, हे डाव्या बाजूचं काय मागतोस तू?"

जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना मुळात उलटे आटे असतात. डावं चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेने साधा नट हळूहळू सैल व्हायला बघतो. म्हणून त्या काळच्या लोकांनी डावीकडे आटेच उलटे ठेवले. मी ड्रॉइंगमध्ये डाव्या चकत्यांना तसेच स्टड लिहिले होते. ते बाजारात कुठेच मिळाले नाहीत. करून घ्यायचे तर दिवाळी उजाडली असती. लेथवाल्याने सरळ आट्यांचे स्टड दाबून दिले आणि ड्रॉइंगवर पेन्सिलीने लिहिलं: 'डावीकडे लक्ष ठेवणे'.

म्हणजे काय, तर बसवल्यावर पन्नास-साठ किलोमीटर चालवायची आणि पुन्हा सगळे नट आवळायचे. नवा स्पेसर बसतो, दबतो, नट किंचित ढिले पडतात; हे तर कुठल्याही स्पेसरला लागू आहे. साध्या आट्यांच्या डाव्या बाजूला जरा जास्तच. मी मित्राला हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागलो, तेव्हा तो म्हणाला, "लग्नात भटजी पण एवढं बजावत नाही रे."

आणखी एक बजावायचं होतं, ते मी बजावलं नाही, कारण कुणी तसं करील हे सुचलंच नाही. अध्यक्षांनी चकत्या रंगवायला पाठवल्या. बाहेरून अर्धा बोट कड दिसणार होती म्हणून. रंगारी मन लावून काम करणारा निघाला. त्याने कडा रंगवल्या, दोन्ही तोंडं रंगवली, भोकांच्या आतूनही ब्रश फिरवला. झकास लाल, दोन हात. रंगाचा थर दोन लोखंडांच्या मध्ये आला, की तो चुरतो, आणि चुरला की तेवढी जागा मोकळी होते. नट तिथल्या तिथे, पण आवळलेपण गेलेलं. चकत्या परत आल्या त्या अष्टमीच्या दुपारी. मित्राने दोन उजव्या खरवडून पोलाद उघडं केलं. तिसरी घेतली तेव्हा अध्यक्ष आले. लाल भुकटी पाहून त्यांचा चेहरा उतरला. एवढा चांगला रंग का काढताय, त्यांनी विचारलं, आणि उद्या सकाळी नवमीला त्यांना गाडी पूजेला हवी होती. पुढची डावी चकती अर्धवट खरवडली गेली. मागची डावी तशीच बसली.

"चालवली की बसेल," मित्र मला म्हणाला. "परत आल्यावर आवळतो ना."

हे अगदी बरोबर होतं. परत आल्यावर आवळलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ज्यांना ठाणं-कल्याणकडचे कारखाने माहीत आहेत, त्यांना त्या दिवसाचं सांगायला नको. लेथला झेंडूचे हार, ड्रिलला हळदकुंकू, कंप्रेसरपुढे नारळ. आमच्या कारखान्यात मोजमापाची उपकरणं मखमलीवर मांडून ठेवत. मायक्रोमीटरला कुंकू लागे आणि पुढचे आठ दिवस तो कुंकवासकट माप दाखवी. पूजा झाली, की हत्यारं विश्रांतीला. ती उचलायची नाहीत. कुणी एक दिवस पाळतं, कुणी दोन. माझ्या मित्राच्या घरी दसरा उलटेपर्यंत पाळत. त्याची आई सकाळी शेडमध्ये यायची, पाट मांडायची, सगळे पाने ओळीने ठेवायची, सर्वांत वर होडीच्या इंजिनाचा मोठा पाना, आणि फुलांनी झाकून टाकायची. झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं.

जीपची पूजा सकाळी झाली. चाकाचाकाखाली लिंबू ठेवून जीप पुढे घेतली गेली, आणि अध्यक्ष ती घेऊन निघाले. त्यांनी दिवसभर डोंबिवली पाहिली, कल्याण पाहिलं, नवसाचं काही होतं म्हणून थेट खडवलीपर्यंत जाऊन आले. संध्याकाळी उजेडातच ते जीप शेडमध्ये सोडून गेले. सुट्टी होती, म्हणून मीही तिथे पोचलो. मी वाकून चाकं पाहिली. तीन चाकांना काही नव्हतं. मागच्या डाव्या चाकाच्या नटांभोवती लाल भुकटीची बारीक कडी दिसत होती, प्रत्येक नटाभोवती एक. कुंकू नव्हतं ते. कुंकू टायरवर होतं.

मित्रानेही ती पाहिली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी पाटाकडे पाहिलं. जीपचा स्वतःचा चाकपानासुद्धा तिथेच, झेंडूखाली.

मी म्हटलं, एकच पाना काढू, पाच मिनिटांचं काम आहे, परत होता तसा ठेवू. आई उदबत्ती सरळ करत होती. तिने मान वर केली नाही.

"निजलाय तो," ती म्हणाली. "निजल्याला उठवू नये, बाबा."

मित्र म्हणाला, "राहू दे रे. वर्षभर ह्याच्याच जिवावर खातो आपण."

मग आम्ही दुसऱ्याचा पाना शोधायला निघालो. रस्त्यावरची सगळी गॅरेजं बंद. पत्र्याच्या फटीतून उदबत्तीचा वास येत होता. पेट्रोल पंपावरचा पाना पंपाशेजारी हार घालून ठेवलेला. टायर पंक्चरवाल्याचाही. मला एकदम लेथवाला आठवला. त्याचे पाने तरी जागे असतील. रिक्षा करून त्याच्याकडे गेलो, तर शेजाऱ्याने सांगितलं, तो बहिणीच्या मुलीच्या लग्नाला उत्तनला गेलाय, परवा येईल. ठाण्यापासून कळव्यापर्यंत त्या दिवशी एकही पाना जागा नव्हता. मी देव मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. शेडमध्ये परत आलो तेव्हा आई घरी गेली होती, मित्र रस्त्यावर चहा सांगायला गेला होता, आणि पाटाजवळ मी एकटा होतो. हात पुढे केला असता तर पाना हातात आला असता. फुलं हलली असती, एवढंच. मी पाटाजवळ उभा राहिलो आणि हात मागे बांधले, आमच्या कारखान्यात मोठे पाहुणे यायचे तेव्हा बांधायचो तसे.

चहा घेताना आम्ही दोघांनी मिळून स्वतःची समजूत काढली. मिरवणूक चालीने जाते. माणूस चालतो त्याहून सावकाश. एवढ्या वेगाला चाकावर किती जोर येणार? मी मनातल्या मनात हिशेब केला. हिशेब बरोबर होता. चालीच्या वेगाने सरळ रस्त्यावर ते चाक दिवसभर टिकलं असतं. वळण मी धरलं नव्हतं.

दसऱ्याला दुपारी मिरवणूक निघाली. जीप कुणी चालवायची, तर ज्याने बनवली त्यानेच, असं अध्यक्षांनी ठरवलं होतं. मित्राने नवा पांढरा शर्ट घातला होता. मागे अध्यक्ष उभे. डोक्याला फेटा, डाव्या हाताने दांडी धरलेली, उजव्या हातात जिलेटीनच्या कागदाची चकचकीत तलवार. पुढे बँड. मी फुटपाथवरून मागच्या डाव्या चाकाशेजारून चालत होतो. लोक अध्यक्षांकडे पाहत होते आणि मी चाकाकडे. पाहून काय करणार होतो, ते मला माहीत नव्हतं. तपासणी खात्यात आमचं काम पाहण्याचंच असायचं.

तलावाच्या कोपऱ्यावर जीप उजवीकडे वळली. सगळा भार डावीकडे आला. काहीही मोठा आवाज झाला नाही. वळण संपता संपता चाक शांतपणे जीपपासून वेगळं झालं आणि आपल्या वाटेने सरळ निघालं. जीप मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसली. अध्यक्ष तलवारीसकट आडवे झाले. चाक बँडच्या मधून, कुणालाही न लागता, वाजवणाऱ्यांना ओलांडून मिरवणुकीच्या पुढे गेलं आणि बराच वेळ पुढेच राहिलं. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो देखावा वाटला.

अध्यक्षांचं मनगट मोडलं. बाकी कुणाला काही नाही. माझा मित्र स्टिअरिंग धरून बसूनच राहिला. मी खाली वाकलो. आम्ही निवडलेली पोलादी चकती हबवर जागच्या जागी होती. नेमकी बसलेली, केसभरही हललेली नाही. तिच्यावरचे पाचही स्टड सरळ, शाबूत. ड्रॉइंगमध्ये, मालात, कातकामात कुठेही दोष नव्हता. फक्त नट नव्हते. पाचांपैकी तीन रस्त्यावर सापडले. मित्राने ते खिशात घातले. पांढऱ्या शर्टाच्या.

दोन आठवड्यांनी पालिकेची गाडी आली. शेड पाडायला त्यांना दुपारच्या जेवणापर्यंतही वेळ लागला नाही. चेनपुली तेवढी काढू दिली.

त्यानंतर आम्ही दोघं अध्यक्षांकडे गेलो. हात गळ्यात अडकवलेला होता. तो त्यांना शोभत होता. पुढच्या निवडणुकीत ते निवडून आले, त्याला त्या हाताची बरीच मदत झाली असं लोक म्हणत. ते रागावले नव्हते. चहा मागवला. मित्राने सांगितलं, चूक माझी, आवळायचं राहिलं, आईने ऐकलं नसतं. माझं नाव त्याने घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मग त्याने विचारलं, जागा आता मोकळीच आहे, कडेला थोडी सरकून पुन्हा उभी करू का?

अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, ती खूण माझ्या हातात नव्हती रे." आणि त्यांनी प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं, जणू तो तिथे आहे याची खात्री करत होते.

मी समोर पाहायला लागलो. समोर तो नकाशा होता. या वेळी मी अक्षरं न पाहता ती वाचली. तो जुन्या पुणे रस्त्याच्या रुंदीकरणाचा नकाशा होता. रस्त्याची नवी रेघ जिथून जात होती तिथे बारीक चौकोन होते, चौकोनांना आकडे होते, आणि कळव्यापुढचा एक चौकोन, नाल्यापासून तिसरा, म्हणजे मित्राची शेड, रेघेच्या पुरता आत होता. कोपऱ्यात मंजुरीची सही होती. सहीखालची तारीख जीप शेडमध्ये आली त्याच्या कितीतरी आधीची होती. पहिल्या खेपेला मी याच खुर्चीत अर्धा तास बसलो होतो. ड्रॉइंग वाचणं हा माझा धंदा होता, आणि त्यावर माझं घर चालत होतं.

चाक निखळलं नसतं तरी शेड गेली असती. हे मी मित्राला सांगायचं की नाही, याचा विचार कळव्याच्या पुलापर्यंत केला. सांगितलं असतं तर आईच्या पाटावरचा दोष गेला असता. पण मग दसऱ्यापर्यंतचे ते दोन महिनेही गेले असते. त्या दोन महिन्यांत तो खांबाकडे पाहून शीळ घालायचा. शेवटी सांगितलं.

"तुला दिसलं नाही का रे तेव्हा?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, दिसलं, पण वाचलं नाही.

"मग इन्स्पेक्टर कसला तू," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पुढे तो डोंबिवलीच्या एका रसायनाच्या कारखान्यात देखभाल खात्यात लागला. पाइपांचे जोड आवळायचे. पाने कारखान्याचे; शिफ्ट संपली की मोजून परत द्यायचे. पुढच्या खंडेनवमीला मी त्याच्या घरी गेलो. एका खोलीत पाट मांडलेला होता. पाटावर होडीच्या इंजिनाचा तो एकच पाना, झेंडूने झाकलेला. बाकीचे भंगारात गेले होते. त्या पान्याला बसेल असा नट घरात कुठेच नव्हता. तरी आईने मला चप्पल बाहेर काढायला लावली आणि आवाज हळू कर म्हणाली. मित्राची पहिली पाळी होती, तो घरी नव्हता. नंतरच्या वर्षांत त्याला खोकला लागला आणि आमच्या भेटी कमी झाल्या. शेवटची कधी झाली, ते मला नक्की सांगता येणार नाही. ती शेवटची आहे हे माहीत असतं, तर तारीख लक्षात ठेवली असती.

तीन चकत्या जीपबरोबर गेल्या. मागची डावी माझ्याकडे आहे. वाऱ्याने आपटतं म्हणून दाराला लावतो. कडेचा रंग अजून शाबूत आहे. रंगाऱ्याने खरंच मन लावून काम केलं होतं.

रस्ता रुंद व्हायला आणखी सहा वर्षं लागली. झाल्यावर असं दिसलं, की शेडची जागा त्याला लागलीच नाही. ती कडेला तशीच उरली. आता तिथे चाकांचं बॅलन्सिंग करून देणारं दुकान आहे. दसऱ्याला ते बंद असतं.